विश्लेषण : ‘श्यामची आई’त इतके अश्रू कुठून आले?

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची ओळख मराठी घरांत एका वाक्यात करून दिली जाते : वाचताना रडू येते. काहींना हे कौतुक वाटते, तर काहींना तक्रार. पुस्तक फार रडके आहे, असे म्हणणारे वाचक आणि समीक्षक पूर्वीही होते, आजही आहेत. पण हे रडू नेमके कशाचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. गरिबीचे, असे उत्तर पटकन दिले जाते. पुस्तक पुन्हा उघडले की ते पुरेसे वाटत नाही. श्यामच्या घरात हाल आहेत, चणचण आहे, शेवटी शेवटी तर रोजच्या तेलमिठाचीही ओढाताण आहे. तरीही पुस्तकभर डोळ्यांत पाणी येते ते भुकेमुळे क्वचितच. ते येते लाजेमुळे, अपमानामुळे आणि आपण आईला पुरे पडलो नाही या सलामुळे. एका विशिष्ट प्रकारच्या आर्थिक घसरणीने या कौटुंबिक कादंबरीचा सूर ठरवला आहे. तो सूर समजण्यासाठी पुस्तकाच्या आधी लेखकाच्या घराकडे जावे लागते.

खोताचे घर कसे खाली आले?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगड गावी झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे. आज हा शब्द आडनावापुरता उरला आहे, म्हणून थोडा खुलासा करायला हवा. कोकणात सरकार आणि शेतकरी यांच्या मधला माणूस म्हणजे खोत. गावाचा सारा वसूल करायचा, ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि मधला खोतफायदा स्वतःकडे ठेवायचा, असा हा वंशपरंपरागत हक्क होता. कुळांवर खोताचा वचक असे. धान्य घरात येई, माणसे राबायला येत, गावात शब्दाला वजन असे.

गुरुजींच्या आजोबांच्या काळात साने घराणे असे भरलेले होते. सदाशिवरावांच्या काळात ते ओसरू लागले. कोकणातल्या अशा घरांची घसरण सहसा एका दिवसात होत नसे. हक्क वंशपरंपरागत असल्यामुळे पिढीगणिक वाटेकरी वाढत. वाटण्या झाल्या की प्रत्येकाच्या हाती तुकडा येई, पण प्रत्येकाला राहणी मात्र पूर्ण खोताची ठेवावी लागे. मग भाऊबंदकी, कोर्टकज्जे, वकिलाची फी. कुळाने दिले नाही तरी सरकारी भरणा चुकत नसे. लग्नकार्य हात आखडून केले तर गाव बोले. यातल्या प्रत्येक वळणावर सावकार उभा असे. कर्जरोख्यावर सही झाली की व्याज चढत जाई आणि काही वर्षांनी मुद्दल कुठले नि व्याज कुठले हे ऋणकोला सांगताही येत नसे. शेवटच्या पायऱ्या ठरलेल्या असत : फिर्याद, हुकूमनामा, जप्ती, लिलाव.

सदाशिवरावांच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. ते टिळकांना मानणारे होते. त्यापायी थोडे दिवस तुरुंगातही जाऊन आले आणि नंतर राजकारणापासून दूर राहिले. घराची परिस्थिती मात्र ढासळतच गेली. अखेर राहत्या घरावर जप्ती आली. १९१७ मध्ये यशोदाबाई गेल्या. मुलगा तेव्हा शिक्षणासाठी घरापासून दूर होता. आईची शेवटची भेट त्याला मिळाली नाही.

‘श्यामची आई’ या मोजक्या घटनांवर उभी आहे. नावे थोडी बदलली आहेत. वडील तिथे भाऊराव आहेत आणि पांडुरंगाचा श्याम झाला आहे. ती आत्मकथा म्हणावी की कादंबरी, हा वाद जुना आहे. गेली कित्येक दशके मराठी वाचकाने ती एका घराची कादंबरी म्हणूनच वाचली, हे खरे.

गरीब असणे आणि गरीब होणे

जन्मापासून गरीब असलेल्या घराची गोष्ट आणि वरून खाली आलेल्या घराची गोष्ट यांचा सूर वेगळा असतो. पहिल्यात प्रश्न असतो, उद्या काय खायचे? दुसऱ्यात त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो, लोक काय म्हणतील? श्यामच्या आईचे सारे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाशी झगडण्यात गेले आहे, आणि पुस्तकातले बहुतेक लक्षात राहणारे प्रसंग तिथूनच निघाले आहेत.

दक्षिणेचा प्रसंग घ्या. एका समारंभात मिळालेली दक्षिणा लहानगा श्याम मोठ्या आनंदाने घरी घेऊन येतो. घरात पैशाची गरज आहे, हे मुलालाही कळते. आई मात्र ते पैसे घरात ठेवू देत नाही. देवळात द्यायला सांगते. कारण तिच्या हिशेबाने दक्षिणा भिक्षुकाने घ्यायची, आपण गृहस्थ. यात जातीतल्या दर्जाची जाणीव आहे, कुळाचा ताठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वेळी हेही दिसते की या बाईकडे आता ताठ्याखेरीज फारसे काही शिल्लक नाही. खोताच्या घरात जन्मभर दिले होते. आता घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे नाही, एवढीच तिची धडपड आहे. दोन नाणी परत जातात आणि वाचकाचा घसा दाटतो. भुकेचा इथे उल्लेखही नसतो.

पर्णकुटीचा प्रसंगही याच जातीचा. भाऊबंदकीमुळे मोठे घर सुटते. माहेरच्यांच्या घरात आसरा मिळतो, छप्पर असते, सोयही असते. पण दुसऱ्याच्या छपराखाली राहणे आईला जड जाते. आपली झोपडी असली तरी चालेल, पण ती आपली हवी. त्यासाठी अंगावरचे सोने द्यायलाही ती तयार होते. शेवटी साधी शाकारलेली झोपडी उभी राहते आणि त्या दिवशी घरात जो आनंद आहे, तो वाड्यात राहतानाही नसेल. आर्थिक दृष्टीने ही सरळसरळ घसरण आहे. गुरुजींनी तिचा सण केला आहे. पुस्तकाच्या सुराची किल्ली मला इथे सापडते. तोट्याचा प्रत्येक टप्पा आई कुठल्या तरी मोठेपणात बदलून घेते, आणि तसे करताना तिची किती शक्ती खर्च होते हे मुलगा मागे वळून पाहताना मोजतो.

दिवाळीचे तेच. भावाकडून आलेली भाऊबीज ही बाईच्या हातात येणारी वर्षातली तिची अशी एकच रक्कम. आपले लुगडे जुने झालेले असते. ती त्या पैशातून नवऱ्यासाठी धोतर आणवते, कारण घरच्या कर्त्या पुरुषाने चारचौघांत फाटके नेसून जाऊ नये. श्यामही हाच धडा गिरवतो. दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून तो घरी पोहोचवतो. या दोन्ही ठिकाणी वस्तू कपड्याची आहे, हा योगायोग नसावा. कपडा म्हणजे बाहेर दिसणारी गरिबी. पोटातली लपवता येते.

उलट जेवणाचा जो सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आहे, त्यात अन्न कमी नाही, मीठ नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील अळणी भाजी काही न बोलता, उलट गोड मानून खातात आणि मुलेही त्यांचे पाहून गप्प राहतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते. घर कंगाल होत असताना एकमेकांचा मान सांभाळणे ही या कुटुंबाची खरी मिळकत आहे, असे गुरुजी सुचवतात. तेही कोणतेही भाष्य न करता. पुस्तकात इतरत्र उपदेश भरपूर आहे, कधी कधी नको इतका. म्हणून असे शांत प्रसंग अधिक उठून दिसतात.

दवंडी : पुस्तकाचा खरा कडेलोट

कर्जाचा विषय सुरुवातीच्या रात्रींत पार्श्वभूमीला असतो. पुढे तो घरात शिरतो. सावकाराचा माणूस वसुलीसाठी येऊन बसतो, त्याला जेवू घालावे लागते आणि त्याचे वाट्टेल ते बोलणेही ऐकावे लागते. पुस्तकभर सोसणारी आई इथे पुढे येऊन त्याला खडसावते. जमीन विकून देणे फेडून टाकावे, हे तिचे मत आधीपासूनचे. वडिलांना वाडवडिलांची जमीन सुटवत नाही. या मतभेदात व्यवहार बाईला कळतो आहे आणि निर्णय मात्र तिच्या हातात नाही, ही त्या काळच्या घराची रचना आपोआप उघडी पडते. वडील वाईट नाहीत. ते प्रेमळ आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांच्याच हट्टाने घर बुडते. गुरुजींनी बापावर राग धरलेला नाही. पण त्यांनी ही वस्तुस्थिती झाकलेलीही नाही.

मग जप्तीची दवंडी पिटली जाते. ज्या गावात या घराचा शब्द चालत होता, त्याच गावात ढोल वाजवून सांगितले जाते की हे घर आता जप्त होणार. शाळेत पोरे धाकट्या भावाला चिडवतात. आई अंथरुणाला खिळण्याकडे जाते ती याच सुमारास. आजाराचे वर्णन आहे, औषधाची वानवा आहे, शुश्रूषेला आलेली मावशी आहे. पण कादंबरीच्या तर्कात तिला मारले ते दवंडीने. उपासमारीने माणूस मरतो हे मराठी साहित्याने पुढे पुष्कळ दाखवले. अब्रू गेल्यामुळे माणूस मरू शकतो, हे इतक्या घरगुती भाषेत क्वचितच आले असेल.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. खोताच्या घराची घसरण ही त्या गावाच्या अर्थव्यवस्थेची एक बाजू. दुसरी बाजू कुळांची. त्यांच्या घरी दवंडी पिटायला कधी घर आपले म्हणावे इतकेही नसे. त्यांची तरणी माणसे मुंबईला गिरणीत गेली आणि तिथून मनिऑर्डर पाठवू लागली. पालगडच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे बालपणही काही काळ दापोलीत गेले. त्याच आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपायला मात्र स्वातंत्र्यानंतरची वेळ आली. ‘श्यामची आई’ वाचताना हा संदर्भ जवळ असला तर आईचे दुःख लहान होत नाही. ते कुठे उभे राहून सांगितले आहे, एवढे कळते. आणि गुरुजी त्या जागी उभे राहिले नाहीत, हेही त्यांच्या पुढच्या आयुष्यात दिसते.

हे सारे पाच दिवसांत कसे लिहिले गेले?

आईच्या मृत्यूनंतर पुस्तक यायला जवळजवळ दोन दशके गेली. या मधल्या काळाने सुरावर बराच परिणाम केला, म्हणून तो थोडक्यात पाहू.

घरची परिस्थिती बिघडल्यावर पांडुरंगाने शिक्षणासाठी औंध संस्थान गाठले, तिथून पुणे. नूतन मराठी विद्यालयातून १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला. या वर्षांत स्वतःची उपासमार त्याने भरपूर भोगली. पुढे बी. ए. आणि एम. ए. १९२४ पासून ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. साने सरांचे साने गुरुजी झाले ते इथे. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे आवरून ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, रोज हाताने लिहिलेले दैनिक त्यांच्यासाठी काढणे आणि रात्री गोष्टी सांगणे. वसतिगृहातल्या मुलांची आई होण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. धुळे, मग त्रिचनापल्ली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळ शिकून घेतले आणि ‘कुरळ’ मराठीत आणले. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याचा तुरुंग. विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. त्यानंतर नाशिकचा तुरुंग.

तिथे ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि सोमवारी, १३ तारखेला पहाटे हातावेगळी केली. काही रात्री बाहेर आल्यावर जोडल्या गेल्या, पण बराचसा भाग या पाच दिवसांतला. पाच दिवसांत पुस्तक लिहिणे हा चमत्कार म्हणून सांगितला जातो. खरे तर ते सोळा वर्षे मनात घोळत होते. लिहून काढण्याएवढाच वेळ लागला. वेगाचे दोषही दिसतात. पुनरुक्ती आहे, प्रसंग संपल्यावर लांबलेले तात्पर्य आहे. पण वेगामुळेच हिशेबी शोक त्यात शिरला नाही.

तुरुंगाचा आणखी एक परिणाम झाला असावा. कैद्याजवळ स्वतःचे असे काही नसते. न घर, न पैसा, न अब्रूची जुनी कल्पना. सत्याग्रहीने तर अब्रूची व्याख्याच उलटी केलेली असते. जप्तीच्या दवंडीने ज्या घराची मान खाली गेली, त्याच घरातला मुलगा आता स्वतःहून सरकारी कोठडीत बसला होता आणि समाज त्याला मान देत होता. या अंतरावरून मागे पाहिल्यामुळे पुस्तकात कडवटपणा नाही. सावकाराचा सूड नाही, भाऊबंदांच्या नावाने बोटे मोडणे नाही. तसे ते अगदी सहज झाले असते.

रात्रीमागून रात्री

कादंबरीची बांधणीही सुराला मदत करते. एका आश्रमात रात्री प्रार्थनेनंतर मोठा झालेला श्याम मित्रांना आठवणी सांगतो. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र. अशा बेचाळीस रात्री. गोष्ट संपली की श्रोते उठून झोपायला जातात. त्यामुळे दुःख एकसलग अंगावर येत नाही. एका रात्री पोहणे शिकण्याची भीती, दुसऱ्या रात्री गाय, तिसऱ्या रात्री सण, मग कर्ज. वाचकाला श्वास घ्यायला जागा मिळते. घसरणीचा आलेख हळूहळू उतरतो आणि शेवटच्या दहा-बारा रात्रींत एकदम तुटतो.

सांगणारा मोठा आणि भोगणारा लहान, या दुपदरी रचनेतून त्या सलाला वाट मिळाली आहे. श्याम जवळजवळ प्रत्येक रात्री आपली एक चूक सांगतो. खोटे बोललो, चोरी केली, हट्ट केला, काम करायला लाजलो. या चुका कुठल्याही पोराच्या आहेत. पण सांगणाऱ्याला माहीत आहे की त्या वेळी आई कशातून जात होती. लहान श्यामला ते माहीत नव्हते. त्या दोन्हींमधल्या फटीत रडू येते. आईची गरिबी मुलाला तेव्हा कळली असती तर त्याने नवे पुस्तक मागितले असते का, हा प्रश्न मजकुरात कुठेही न लिहिताही सतत ऐकू येतो.

मराठीत कर्ज आणि ऋण हे दोन शब्द आहेत, ही या पुस्तकाची मोठी सोय झाली. भाऊरावांचे कर्ज सावकाराचे, ते फिटले नाही. श्यामचे ऋण आईचे, तेही तिच्या हयातीत फिटले नाही. मुलगा शिकून मिळवता होईल आणि घर वर काढील, ही आशा अशा प्रत्येक घरात असते. इथे मुलगा मॅट्रिक होण्याआधीच आई गेली. फेडायला माणूसच उरले नाही, म्हणून पुस्तक लिहिले गेले. पहिल्या कर्जाची भाषा दुसऱ्या ऋणाला लागल्यामुळे एका खोताच्या घराची आर्थिक कहाणी मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून वाचली जाऊ लागली. त्यात तिची आर्थिक बाजू विसरली गेली, हे मात्र नुकसान झाले.

त्याच काळातले दुसरे घर

हालअपेष्टा सांगण्याचा हाच एक सूर होता, असे नाही. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी येऊ लागली. चणचण तिथेही आहे, पण वाचक तिथे खळखळून हसतो. याचे एक कारण लेखिकेच्या स्वभावात आहे, दुसरे चणचणीच्या प्रकारात. रेव्हरंड टिळकांच्या घरात पैसा टिकत नसे तो त्यांच्या लहरी आणि दानशूर वृत्तीमुळे. आज आहे, उद्या कुणाला तरी देऊन टाकला. तिथे सावकाराची छाया आणि लिलावाची टांगती तलवार हे घराचे रोजचे हवामान नव्हते. शिवाय लक्ष्मीबाई स्वतःचीच कथा सांगत होत्या, जगून वाचलेल्या बाईच्या तोंडून. ‘श्यामची आई’त जिची कथा आहे ती बोलायला उरलेली नाही. मुलगा तिच्या वतीने बोलतो, आणि दुसऱ्याच्या वतीने, तेही मेलेल्या माणसाच्या वतीने, हसून बोलणे कठीण असते.

तिसरी तुलना त्या वेळच्या लोकप्रिय कादंबरीशी. फडके-खांडेकरांच्या त्या जमान्यात सुशिक्षित तरुण नायक-नायिका, त्यांचे प्रेम आणि त्यांचे ध्येय हा कादंबरीचा मुख्य ऐवज होता. स्वयंपाकघर, गोठा, परसू आणि थकलेला सारा यांना तिथे फारशी जागा नव्हती. त्या गर्दीत चुलीपुढच्या एका बाईची कथा आली आणि वाचकांनी ती उचलून धरली. पुस्तकाच्या नावात त्या बाईचे नाव नाही, ती श्यामची आई आहे. हेही त्या काळाला धरूनच.

पुढे काय झाले?

पुस्तक १९३०च्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झाले. गुरुजी तेव्हा खानदेशात होते. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी त्यांनी गावोगाव फिरून काम केले. नंतर पिके बुडालेल्या शेतकऱ्यांच्या शेतसारामाफीसाठी मोर्चे काढले. साऱ्याच्या ओझ्याने घर कसे वाकते, हे खोताच्या मुलाने आतून पाहिले होते; आता तो सारा भरणाऱ्यांच्या बाजूने उभा होता. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि दहा दिवसांनी ते यशस्वी झाले. म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला सांगणारी आई पुस्तकात आहे, ती आठवली की हा प्रवास अचानक वाटत नाही. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले.

१९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. पुढे शाळांच्या बक्षीस समारंभांत, वाढदिवसांना, मुंजीत हे पुस्तक हातोहात दिले गेले आणि संस्कारांचे पुस्तक हा शिक्का त्यावर कायमचा बसला.

त्याच्या आवृत्त्या वर्षानुवर्षे काढत आलेली संस्था म्हणजे पुण्याचे अनाथ विद्यार्थी गृह, आताचे पुणे विद्यार्थी गृह. घरची परिस्थिती नाही पण शिकायचे आहे, अशा मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करण्यासाठी ती १९०९ मध्ये निघाली होती.